परतीचं विमान उतरेना

मी वाकोला बोलतोय. सांताक्रूझ पूर्वेचा, रिक्षांचा आणि माणसांचा तो खरा वाकोला नव्हे. त्याला बोलायला उसंत कुठली? मी त्याचा संगणकातला धाकटा अवतार. घरबसल्या विमान चालवायचा एक प्रोग्राम असतो, त्याला सिम्युलेटर म्हणतात. त्याच्यावर वरून जे छोटे छोटे प्रोग्राम चढवतात, ते ॲड-ऑन. कुणी नवं विमान आणतं, कुणी ढग आणतं, कुणी एखादं गाव. मी गाव. चार गल्ल्या, एक नाला, सव्वीस इमारती आणि मधोमध एक पिवळी तीन मजली बिल्डिंग, एवढाच माझा पसारा.

मला कुठल्या कंपनीने नाही, सुशांतने घडवलं. तो त्या पिवळ्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर आईबरोबर राहतो आणि मालाडला एका ऑफिसात नोकरी करतो. चार वर्षांपूर्वी पाय मोडून तो घरी बसला होता, तेव्हा वेळ जाईना म्हणून त्याने मला हातात घेतलं. गच्चीवरून फोटो काढले, कुबड्या टेकत गल्ल्या पावलांनी मोजल्या. पाण्याच्या टाकीचा निळा रंग पसंत पडेना म्हणून ती तीनदा पाडली आणि तीनदा बांधली. इतका लाड फार थोड्या ॲड-ऑनच्या नशिबी येतो.

मग त्याने मला एका फोल्डरात टाकलं. तिथे आम्ही एकशे बारा बिऱ्हाडं. नावं बाराखडीप्रमाणे लावलेली, त्यामुळे मी पार तळाला, आणि अगदी माथ्यावर कोण राहतं याची मला गंधवार्ता नव्हती. त्यात मी स्वभावाने भित्रा. सुशांतने फोल्डर उघडलं की मला वाटायचं, आता आपलीच पाळी. विकतची मंडळी निर्धास्त असतात, ती पुन्हा मिळतात. घरी केलेलं एकदा पुसलं की गेलं.

आता खरी गोष्ट सांगतो. सुशांतची धाकटी बहीण अक्षता मस्कतला असते. तिला नववा महिना लागला होता. नवरा समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला, महिना महिना घरी नाही. आईने यावं म्हणून तिने दोन महिने आधीच धोशा लावला होता. मंगळवारचं तिकीट काढून झालं होतं, डिंकाचे लाडू बॅगेत भरून झाले होते.

पण आई, म्हणजे विमलाबाई, विमानात कधी बसल्याच नव्हत्या. लग्न होऊन कोकणातून वाकोल्यात आल्या, चाळीस वर्षं विमानांच्या पोटाखाली संसार केला, आवाजावरून वेळ सांगतील. पण विमानाच्या पोटात जायचं म्हटल्यावर त्यांचा धीर सुटला. शनिवारी दुपारी सुशांत म्हणाला, "आई, घाबरतेस काय? ये, सगळा प्रवास तुला आधीच दाखवतो."

त्या खुर्ची ओढून बसल्या. विमान मुंबईहून उडालं, समुद्रावरून गेलं, मस्कतला अलगद टेकलं. सुशांतने मधला समुद्र भरभर पळवला, म्हणून अर्ध्या तासात काम झालं. त्याला वाटलं, जिंकलो. विमलाबाई मात्र पदराने चष्मा पुसत म्हणाल्या, "जाताना काय, कोणय जाता. माका परत येताना दाखय."

परतीचं विमान निघालं. घाटकोपर आलं, कुर्ला आला, समोर धावपट्टीचे दिवे दिसले. आता डाव्या हाताला मी दिसणार म्हणून मी अंग सावरून बसलो. आणि पडदा थिजला. विमान हवेतच अडकलं, आवाज एकाच सुरात घरघरत राहिला आणि सगळं बंद पडलं.

"पडला काय रे इमान?"

"पडलं नाही गं आई. प्रोग्राम अडकला."

"मगे आतली माणसा खय गेली?"

 सुशांतने पुन्हा उडवलं. पुन्हा घाटकोपर, पुन्हा कुर्ला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तिथेच घोडं अडलं. विमलाबाई उठल्या, आत गेल्या आणि बॅगेतले लाडू काढून पुन्हा डब्यात भरायला लागल्या.

संध्याकाळी अक्षताचा व्हिडिओ कॉल आला. "आई, तू येणार आहेस ना गं?" विमलाबाई नुसत्या, "बघया," म्हणाल्या. पोरीचा चेहरा उतरला. मग ती हळूच म्हणाली, "दादा, इथे मला कोणी नाहीये रे. डॉक्टर बोलली, केव्हाही होईल." आई नक्की येईल, असा सुशांतने तिला शब्द दिला. 

रविवार उजाडला. चहा होतो न होतो तोच सुशांतने खारदांड्याच्या कृणालला फोन लावला. दोघांची ओळख या विमानांच्या नादातूनच झालेली. कृणाल दिवसा बँकेत असतो. त्याची आई मथुरा खारच्या बाजारात मासे विकते.

"वाट लागली यार," सुशांत म्हणाला. "सगळं करून बघितलं. प्रोग्राम नवा टाकला, साफसफाई केली. उतरतानाच मरतंय."

"ॲड-ऑन किती आहेत तुझे?"

"एकशे बारा."

"बाप रे! अरे, त्यातलंच कुणीतरी असणार. आई म्हावरं कसं तपासते माहितीये? टोपलीला वास आला तर एकेक मासा हुंगत नाय बसत. अर्धी टोपली इकडे, अर्धी तिकडे. ज्या ढिगाला वास, त्याचे परत दोन ढीग. असं करत जायचं. पाच-सहा वेळात सडका हातात येतो."

 अपराधी शोधायची ही रीत मी ऐकून होतो. तिच्यात कुणाची गय होत नाही.

सुशांतने वरचे छप्पन्न बाहेर काढले. आम्ही तळाचे छप्पन्न आत राहिलो. दर वेळी मस्कतहून यायला नको म्हणून त्याने विमान थेट घाटकोपरच्या आकाशात ठेवलं. मी देव पाण्यात घालून बसलो. कुर्ला आला, दिवे आले, मी दिसलो, आणि विमान छान उतरलं! मी सुटलो. कोण आनंद झाला म्हणून सांगू! म्हणजे चोर वरच्या आळीत आहे. मनात म्हटलं, मला पहिल्यापासून त्या विकतच्या विमानतळाचा संशय होताच. फार तोरा मिरवतो.

मग सुशांतने आम्हाला बाहेर काढलं आणि वरच्यांना आत घेतलं. आम्ही बाहेरून बघत राहिलो. घाटकोपर, कुर्ला, दिवे… आणि तेही छान उतरलं.

सुशांत पडद्याकडे बघतच बसला. त्याने पुन्हा करून पाहिलं. हा अर्धा चांगला, तो अर्धाही चांगला. दोन्ही एकत्र केले की मात्र पडदा ठप्प. "हे कसं शक्य आहे यार?" त्याने कृणालला विचारलं.  कृणाल म्हणाला, "म्हावऱ्यात असं कधी झालेलं ऐकलं नाय बाबा." त्याला बाहेर जायचं होतं, त्याने फोन ठेवला.

दुपार झाली. जेवण तसंच झाकलेलं. सुशांत आता चिडून वाटेल त्याला बाहेर फेकत होता. ढगवाला गेला, गर्दीवाला गेला, बिचाऱ्या मस्कतलाही त्याने हाकललं. काही उपयोग झाला नाही. सुक्याबरोबर ओलं जळतं, ते मी डोळ्यांनी बघत होतो आणि आपला नंबर कधी लागतो ते मोजत होतो.

विमलाबाई ताट घेऊन आल्या. "जेव रे आधी. काय झाला?"

"आई, हे अर्धे वेगळे ठेवले तर चांगले वागतात, ते अर्धे पण चांगले. एकत्र आणले की भांडतात. मग वाईट कोण?"

विमलाबाई भात कालवत म्हणाल्या, "एकटा कोणच वायट नसता. दोघी जावो वेगळ्या रवल्यो की कशो गोड बोलतत! एकाच चुलीर इल्यो की भांडी आपटतत. चूल खयची ता बघ."

सुशांतचा घास हातातच राहिला. इतका वेळ तो एका चोराला शोधत होता. शोधायला हवी होती जोडी. वरच्या आळीतला एक, खालच्या आळीतला एक, आणि दोघांचा हक्क एकाच जागेवर. त्याने उष्टा हात तसाच ठेवून डाव्या हाताने यादी वर सरकवली. अगदी माथ्यावर, 'आ' अक्षरापाशी, एक नाव होतं: 'आपली बिल्डिंग'.

तो कपाळाला हात लावून हसायलाच लागला. मला काही कळेना. मग त्याने ते उघडलं, आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. तीच चार गल्ल्यांची वस्ती, तोच नाला, तीच निळी टाकी! तो मीच होतो. फरक एवढाच की त्याची बिल्डिंग गुलाबी होती.

झालं होतं असं. दोन वर्षांपूर्वी खऱ्या बिल्डिंगला गुलाबी रंग लागला. सुशांतने माझ्यातही तो बदल करायला घेतला, पण काही बिघडलं तर, म्हणून आधी माझी एक नक्कल काढली, नवा रंग तिच्यावर चढवला आणि मला तसंच राहू दिलं, त्याच फोल्डरात. जाणता माणूस असं करणार नाही. पण हे या घरचं वळण आहे. जुलैच्या त्या मोठ्या पुरात नाल्याचं पाणी घरात शिरलं, तेव्हा सुशांतच्या वडिलांचे गिरणीतल्या नोकरीचे सगळे कागद वाहून गेले. त्या धसक्याने विमलाबाई प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स काढतात: एक कपाटात, एक देवाच्या फोटोमागे, एक पर्समध्ये. एक गेलं तर दुसरं असावं, हे पोराने आईच्या दुधाबरोबर घेतलेलं. फक्त झेरॉक्स त्याच खणात ठेवली, एवढीच चूक. एकाच जागेवर दोन बिल्डिंगा उभ्या राहायला गेल्या की विमान तरी काय करणार? उडताना विमान समुद्राकडे तोंड करून जायचं, आम्ही समोर येतच नव्हतो, आणि या दोन वर्षांत सुशांत मुंबईहून उडायचा तो लांब कुठेतरी उतरायचा, परत घरी कधी आलाच नव्हता.

"आई, दोघांतला एक काढून टाकतो," सुशांत म्हणाला. "गुलाबी ठेवतो. पिवळा जुना झाला."

पिवळा म्हणजे मी. माझी पाचावर धारण बसली. माउसचा बाण माझ्या नावावर येऊन थांबला.

"टाकतंस कित्याक?" विमलाबाई म्हणाल्या. "झेरॉक्स काय टाकूची असता? माका दी."

सुशांत हसला. पण त्याने टेबलाच्या खणातून एक पेनड्राइव्ह काढला आणि मला उचलून त्यात ठेवलं. संगणकातून माझं नाव गेलं. मी अंधारात, टेबलावर, आंब्याच्या लोणच्याच्या वाटीशेजारी.

आणि मग बाहेर इंजिनचा आवाज सुरू झाला. शेवटची परीक्षा. मला काही दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. सुशांत सांगत होता, "हे घाटकोपर, आई… हा कुर्ला…"

खरं सांगू? लाज वाटते, पण सांगतो. त्या क्षणी मनात आलं, अडकू दे. अडकलं तर मी निर्दोष ठरेन, मला परत आत घेतील. उतरलं, तर दोन वर्षं मीच वाट अडवून बसलो होतो हे सिद्ध होईल. मग मला अक्षताचा कालचा आवाज आठवला: इथे मला कोणी नाहीये रे. मी मनातल्या मनात म्हटलं, उतर बाबा. उतर. मी दोषी तर दोषी.

चाकं टेकल्याचा चीत्कार ऐकू आला. मग घरघर, मग हळूहळू शांतता.  

"लागला?" विमलाबाईंनी विचारलं.

"लागलं आई. उतरलीस तू. आलीस घरी."

"परत एकदा दाखय."

चार वेळा दाखवलं. चार वेळा उतरलं. मग आतल्या खोलीत डब्याचं झाकण वाजलं आणि लाडू पुन्हा बॅगेत गेले.

मंगळवारी मी त्यांच्या पर्समध्ये होतो, पासपोर्टच्या झेरॉक्सच्या घडीत. शुक्रवारी मस्कतच्या इस्पितळात अक्षताला मुलगी झाली. आई तिच्या उशाशी होती. याहून जास्त मला काही नको होतं.

आता दोन महिने झाले. परवा अक्षताला पर्समध्ये मी सापडलो. "आई, यात काय आहे गं?"

"आपला घर."

तिने मला तिच्या लॅपटॉपला लावलं. पण सिम्युलेटर नसताना मी काय दाखवणार? ना गल्ली, ना गच्ची, नुसती नावांची यादी उघडली. मी ओशाळलो. अक्षता म्हणाली, "यात काहीच दिसत नाहीये."

विमलाबाईंनी बाळाला मांडीवर घेतलं, चष्मा लावला आणि यादीवर बोट ठेवलं. "बघ गो बाय. ही गच्ची. ही टाकी. हो जिनो. हो नालो, हेच्या नादाक लागू नको." बाळ टकामका बघत होतं. बोट खाली खाली सरकत गेलं आणि एका नावावर थांबलं. चार वर्षांपूर्वी मोडक्या पायाने सुशांतने तेवढी एक गोष्ट वेगळी घडवून वेगळी ठेवली होती, आणि कुणाला सांगितली नव्हती. 'आईची खिडकी'.

त्यांनी बोट तिथून उचललं नाही.

"आई, आणखी दोन महिने राहा ना," अक्षता म्हणाली. "व्हिसा वाढवून घेऊ."

"रवतंय की. परत जावचा माका भय नाय आता. चार येळा जावन इलंय मी."

माझं म्हणाल, तर मी आहे असा आहे. पिवळा, जुना, विमानाच्या वाटेत उभा राहिलेला. माझी एवढीच विनवणी आहे, मला पुसून त्या जागी दुसरं काही भरू नका. ती पोर मोठी होऊन वाचायला शिकेल, तेव्हा तिला ती यादी स्वतः वाचू द्या.