व्हर्डेलच्या कोठडीतली नावं

महिन्याचा पहिला रविवार होता, म्हणून ओझेला नखशिखांत पांढऱ्यात होती. टोपी पांढरी, झगा पांढरा, हातमोजेसुद्धा पांढरे. प्रभुभोजनाच्या दिवशी त्यांच्या चर्चमधल्या वयस्क बायका असाच पोशाख करून पुढच्या बाकांवर बसतात. उपासना संपल्यावर ती जेवायला थांबली नाही. गुडघ्यांची कुरकुर सांगून निघाली आणि गाडी घराकडे न नेता सरळ विलो रस्त्याला वळवली. अकरा वर्षांत ती त्या रस्त्याला वळली नव्हती. किराणा आणायला जातानासुद्धा दोन चौकांचा वळसा घालायची. सम्टरसारख्या लहान शहरात असा वळसा लोकांच्या लगेच डोळ्यांवर येतो, पण तिनं तो कधी चुकवला नाही.

बंगल्यासमोरच्या हिरवळीत पाटी रोवली होती: विकणे आहे. तिच्याखाली दुसरी, लहान: आज दोन ते चार, आत येऊन पाहा. हा तिच्या धाकट्या बहिणीचा, व्हर्डेलचा बंगला. व्हर्डेल फेब्रुवारीत गेली. तिचा मुलगा थर्मन शार्लटला असतो. त्यानं महिनाभरात सामान हलवलं आणि घर दलालाच्या हवाली केलं.

समोरच्या घराच्या ओसरीत मिस अर्लीन झुलत्या खुर्चीत बसली होती. नव्वदीला टेकली होती, पण नजर शाबूत होती.

"ओझेला गेलार्ड," ती तिथूनच म्हणाली, "बहीण होती तोवर पायरी चढली नाहीस. आज सरबत फुकट आहे म्हणून आलीस होय?"

"या दलालांच्या सरबतात साखर कमी असते, मिस अर्लीन," ओझेला म्हणाली आणि पायऱ्या चढू लागली.

सरबतासाठी ती आली नव्हती हे सांगायला नकोच. थर्मनच्या बायकोनं, डेल्फीननं, आवराआवर करताना तिला फोन केला होता. सासूबाईंच्या प्रार्थनेच्या कोठडीत भिंतभर नावं लिहिलेली आहेत, ती म्हणाली होती. रोज पहाटे गुडघे टेकून एकेका नावासाठी देवाकडे मागणं मागायच्या, चाळीस वर्षं, एक दिवस खाडा नाही. आणि मग सहज बोलावं तसं म्हणाली, "मावशी, तुमचंही नाव होतं वाटतं त्यात. घाईत होते, नीट बघितलं नाही."

त्या दिवसापासून ओझेलाच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. अकरा वर्षं जिनं तोंडातून शब्द काढला नाही, ती पहाटे उठून आपलं नाव घेत होती का? घेत असेल तर सगळं सोसण्यासारखं होतं. किल्ली मागितली असती तर थर्मननं दिली असती, पण मग का हवी तेही सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा गिऱ्हाईक होऊन यावं हे तिला बरं वाटलं.

दारात दलालीण उभी होती, कॅरोलिन नावाची, गोरीपान, हसरी, पन्नाशीची. तिनं वही पुढे केली. ओझेलानं 'मिसेस गेलार्ड' एवढंच लिहिलं. कॅरोलिननं तिला आधी ओसरीचं छत दाखवलं, फिकट निळं. ही इकडची जुनी समजूत, ती सांगत होती, भुतांना ते पाणी वाटतं, ती काही ओलांडून आत येत नाहीत. ओझेलानं मान वर करून पाहिलं. तो रंग दिला तेव्हा शिडी एका बाजूनं तिनंच धरली होती, दुसऱ्या बाजूनं व्हर्डेलनं. वर व्हर्डेलचा नवरा लेमुएल होता, आणि त्याच्या ब्रशचे थेंब दोघींच्या केसांत पडत होते. ती पांढऱ्या पोशाखात त्या छताखालून आत गेली.

आत आधीच एक जोडपं फिरत होतं. ओहायोहून आलेलं, कोवळं. तो दाढीवाला, फीत घेऊन खिडक्या मोजणारा. ती केटलिन, पोटुशी, प्रत्येक दारात थबकून छातीवर हात ठेवणारी. घर होतंच तसं. बाहेरची खोली पिकल्या पीचसारखी, मधला बोळ पोपटी, स्वयंपाकघर अंड्याच्या पिवळ्या बलकासारखं, झोपायची खोली जांभळी. कॅरोलिन म्हणाली की मालकीणबाईंची दृष्टीच कलावंताची होती, प्रत्येक खोलीचा स्वभाव वेगळा ठेवलाय.

ओझेलाला ठाऊक होतं ते वेगळंच. लेमुएल रंगारी होता. शहराच्या गोऱ्या वस्तीत, मोठ्या घरांतून काम करायचा, आणि डब्यात तळाशी उरलेला रंग घरी आणायचा. पिवळा डॉक्टरांच्या स्वयंपाकघराचा. पोपटी त्या वकिलाच्या मुलाच्या खोलीचा. जांभळा रंग एका बाईला भिंतीवर चढल्यावर आवडला नाही, तिनं सगळा खरवडून काढायला लावला आणि उरलेले दोन डबे फेकून दे म्हणाली. एका डब्यात एक खोलीसुद्धा पुरी व्हायची नाही, म्हणून बोळाची एक भिंत दोन हिरव्यांची आहे. केटलिन नेमकी त्याच भिंतीपाशी उभी राहून फोटो काढत होती.

"किती धीट होत्या ना या बाई?" ती ओझेलाकडे वळून म्हणाली.

"होती," ओझेला म्हणाली.

धीट नसती तर त्या दिवशी चर्चमधून उठून गेली नसती.

आई शेवटची तीन वर्षं ओझेलाकडे अंथरुणाला खिळून होती. अंग पुसणं, चादरी बदलणं, चमच्यानं भरवणं, सगळं ओझेलानं केलं. व्हर्डेल रविवारी यायची. ओठ रंगवून, केक घेऊन, अर्धा तास बसून जायची. आणि आई उरलेले सहा दिवस विचारायची, व्हर्डेल आली का गं? तोंड पुसणाऱ्या हाताकडे न बघता दाराकडे बघत विचारायची. आई गेल्यावर अंत्यविधीची पत्रिका लिहायचं काम ओझेलाकडे आलं, कारण घरात तिचंच अक्षर चांगलं. वर आईचा फोटो, मग जीवनचरित्र, मग दोन याद्या: आईच्या आधी देवाघरी गेलेले, आणि मागे राहिलेले. पहिल्या यादीत तिनं वडील लिहिले, दोघे भाऊ लिहिले, आणि तिसऱ्या ओळीनंतर हात थांबला नाही. व्हर्डेल, असं लिहिलं गेलं. भर दुपार होती, डोळ्यांवर झापड नव्हती. तिनं कागद वाचला. पुन्हा एकदा वाचला. मग घडी घालून पाकिटात घातला आणि छापखान्यात नेऊन दिला.

तीनशे प्रती निघाल्या. चर्चमध्ये सिस्टर मोझेल पत्रिका वाचायला उभी राहिली, आणि पहिल्या बाकावर काळी टोपी घालून बसलेल्या व्हर्डेलनं स्वतःचं नाव मेलेल्यांत ऐकलं. मागून कुणीतरी हुंदक्याच्या आड हसू दाबलं. व्हर्डेल उठली, मधल्या वाटेनं चालत बाहेर गेली, आणि पुन्हा ओझेलाशी बोलली नाही. ओझेलानं सगळ्यांना सांगितलं की छापखान्यानं घोळ केला. एकदा सांगितलं आणि मग तेच धरून बसली. छापखाना बंद पडला, म्हातारा मालक वारला, तरी चूक त्याचीच राहिली. आणि त्यांच्यात अंत्यविधीची पत्रिका कुणी फेकून देत नाही, बायबलच्या पानांत जपून ठेवतात. म्हणजे गावातल्या तीनशे बायबलांत व्हर्डेल मरून पडली होती, आणि रविवारी त्याच लोकांना नमस्कार करत चर्चला येत होती.

चार वर्षांपूर्वी लेमुएल गेला तेव्हा ओझेलानं केक पाठवला. दोन दिवसांनी भांडं परत आलं. केक तसाच होता, सुरीसुद्धा लागलेली नव्हती.

आणि फेब्रुवारीत व्हर्डेलच्या पत्रिकेत, मागे राहिलेल्यांच्या यादीत, थर्मननं लिहिलं होतं: एक बहीण. नाव नव्हतं.

कोठडी बोळाच्या टोकाला होती. पूर्वी तिथं कोट टांगत. कॅरोलिननं दार उघडून दिवा लावला आणि जरा अवघडून म्हणाली की हे एवढं तसंच राहून गेलंय, भिंतीवर लिहिलेलं आहे, पण काळजी नको, खरेदीच्या आधी मालक पांढरा हात मारून देणार आहेत.

तेवढ्यात दाढीवाल्यानं स्वयंपाकघरातून नळाचं काहीतरी विचारलं आणि कॅरोलिन, केटलिन दोघीही तिकडे गेल्या. ओझेला एकटी आत शिरली.

आत एकच माणूस मावेल एवढी जागा. खाली एक जुनी उशी, तिच्यावर दोन खळगे, गुडघ्यांचे. एवढे खोल की कुणी आत्ताच उठून गेलं असावं. ओझेलानं पाऊल उशीवर पडू दिलं नाही. भिंतीला सुतळीनं बांधलेली पेन्सिल लोंबत होती. डाव्या भिंतीवर जिवंत माणसं, आणि प्रत्येकापुढे मागणं. पोस्टमन: पाठ. मिस अर्लीन: डोळे टिकू देत. औषधाच्या दुकानातली मुलगी: दारुड्या नवऱ्यापासून सुटका. थर्मन: राग. पाळक, पाळकांची बायको, पाळकांचं कर्ज. शेजारचा कुत्रासुद्धा होता.

ओझेला वरपासून वाचत खाली आली. ल'ट्रेल: नर्सिंगची परीक्षा. ल'ट्रेल तिची मुलगी. खाली नातवंडं, तिन्ही. धाकट्याचा दमासुद्धा व्हर्डेलला माहीत होता. आता पुढची ओळ आपलीच असणार, असं वाटून तिनं हातमोजा काढला आणि बोट भिंतीला टेकवलं. पुढची ओळ सिस्टर मोझेलची होती: रक्तदाब. मग दुसरी माणसं सुरू झाली. ती पुन्हा वरून आली. एकेका नावावर बोट ठेवत, कोपऱ्यापर्यंत.

नव्हतं.

मग ती उजवीकडे वळली, नुसतं बघायचं म्हणून. उजवीकडे गेलेले होते. त्यांच्यापुढे मागणं नव्हतं, नुसती तारीख. त्यांच्या चर्चमध्ये मेलेल्यांसाठी कुणी काही मागत नाही. त्यांचा हिशेब देवाकडे झालेला असतो, मागायला काही उरलेलं नसतं. आभार मानायचे आणि पुढे जायचं. वडील. भाऊ. दुसरा भाऊ. आई, सरेप्टा, तीन ऑक्टोबर. आईच्या खाली, त्याच निगुतीच्या अक्षरात: ओझेला, दहा ऑक्टोबर. त्याच्याखाली लेमुएल.

दहा ऑक्टोबरला आईचा अंत्यविधी होता.

डेल्फीन खोटं बोलली नव्हती, नाव होतं. रोज पहाटे व्हर्डेलनं ते वाचलं असेल आणि देवाकडे काही मागितलं नसेल. चार हजार पहाटा. शेजारणीच्या नवऱ्याचा मधुमेहानं एक डोळा गेला होता, तर त्याच्यासाठी भिंतीवर जागा होती. ओझेलाच्या गुडघ्यांसाठी नव्हती. तिनं पेन्सिल हातात घेतली. डाव्या भिंतीच्या तळाशी बोटभर जागा होती. तिथं आपलं नाव लिहायला कितीसा वेळ लागला असता? पण लिहिलं तरी त्याच्यासाठी मागणारी आता कुणी नव्हती. तिची मूठ आवळली गेली आणि जुनी सुतळी तुटली.

"बघा ना, किती गोड," दारातून केटलिन म्हणाली. ती परत आली होती, मागे कॅरोलिन. "हे अजिबात पुसायचं नाही हं. घराचा जीव आहे हा." ती ओझेलाच्या खांद्यावरून वाकून उजवी भिंत वाचू लागली. "हे गेलेले लोक ना? अगंबाई, ही सरेप्टा आणि ही ओझेला, आठवड्याचंच अंतर. मायलेकी असतील. काय झालं असेल हिला?"

कॅरोलिन म्हणाली की कोण जाणे, म्हातारपणी तारखांचा गोंधळ होतो, लिहिताना चुकलंही असेल.

"चूक नाही ती," ओझेला म्हणाली.

दोघी तिच्याकडे बघायला लागल्या.

"लिहिणारीला माहीत होतं ती काय लिहितेय. तिनं वाचून पाहिलं, पुन्हा वाचून पाहिलं, आणि तसंच ठेवलं. छापखान्याचा काही दोष नव्हता त्यात."

केटलिननं समजल्यासारखी मान हलवली. तिला काहीच समजलं नव्हतं. अकरा वर्षं जे ओझेलाच्या जिभेवर आलं नाही, ते आज आलं, आणि ऐकायला होती ती ओहायोची पोर, जिला छापखाना कुठला तेही ठाऊक नाही.

"तुम्ही ओळखत होता का या ओझेलाला?" तिनं हळू आवाजात विचारलं.

"ओळखत होते. तिच्यासाठी कुणी काही मागावं अशी नव्हती ती."

निळ्या छताखालून ती बाहेर आली. समोरून मिस अर्लीननं विचारलं की काय गं, पसंत पडलं का घर? ओझेलानं ऐकू न आल्यासारखं केलं, तर पाठीमागून म्हातारी स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "दर रविवारी खिडकीत बसायची ती. दुपारी. रस्त्याच्या त्या टोकाकडे बघत. मी विचारायचे, कुणाची वाट बघतेस, तर म्हणायची, कुणाची नाही."

ओझेला गाडीत बसली, दार लावून घेतलं. शेजारच्या आसनावर तिचं बायबल होतं आणि त्यात आईची पत्रिका, घडीवर पिवळी पडलेली. तिनं ती उघडली. मुठीत अजून व्हर्डेलची पेन्सिल होती, तुटक्या सुतळीसकट. गेलेल्यांच्या यादीत चौथं नाव होतं. त्यावर एक रेघ मारावी म्हणून तिनं पेन्सिल टेकवली.

पण खोडायला आता काय होतं? वडील गेले, भाऊ गेले, व्हर्डेलही गेली. कागद अकरा वर्षं थांबला होता, आणि त्यातलं ते नाव आता खरं झालं होतं.

तिनं पेन्सिल पत्रिकेत ठेवली, घडी मिटली, आणि काढलेला हातमोजा चढवायला शोधू लागली. एक हातात होताच. दुसरा कोठडीत, त्या उशीपाशी राहिला होता. तो आणायला ती गेली नाही.