कोरडे वजन

“एकसष्ट! बघा सिस्टर, गेल्या खेपेइतकंच. तसूभरही फरक नाही.”

शिंपीकाका काट्यावरून उतरले ते वर्गात पहिला नंबर आल्याच्या थाटात. आठवड्यातून तीनदा त्यांचे डायलिसिस असे. मशीनने अंगातले जादा पाणी काढल्यावर उरायला हवे ते कोरडे वजन. काकांच्या फायलीत दोन वर्षांपासून एकच आकडा होता, एकोणसाठ; वरचे दोन किलो म्हणजे दोन खेपांच्या मध्ये साठलेले पाणी. पाणी तर ते बाटलीवर खुणा करून पीत.

पण खुर्चीपर्यंत चार पावले टाकताना त्यांना धाप लागली. सिस्टरने त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला, तो लवकर भरून येईना.

“काका, खरं सांगा. पाणी जास्त झालंय ना?”

“शपथेवर सांगतो, नाही. काटा काय खोटं बोलतो?”

“आडवं झाल्यावर दम लागतो?”

“तीन उशा घेतो. वय झालं, चालायचंच.” त्यांनी चुळबुळ करत पँट सारखी केली. “ही शिवण टोचते हो. परवाच कंबर आत घेतली. दुसऱ्यांदा.”

सिस्टरचा हात थांबला. “पहिल्यांदा कधी घेतली होती?”

“ही गेली, त्याच्या पुढच्या महिन्यात. दोन्ही मिळून तीन इंच.”

म्हणजे अंगावरचे मांस झडले होते आणि त्या जागी पाणी भरले होते. काट्याला दोन्ही सारखेच.

“जेवता काय तुम्ही?”

काकांनी छताकडे पाहिले. “एकट्यासाठी कुठे गॅस पेटवायचा? बिस्किटं असतात घरात.”

डॉक्टर आले. छाती तपासली, मानेवरची फुगलेली शीर पाहिली. एकोणसाठ खोडून सत्तावन्न लिहिले. “एकदम नको, चार-पाच खेपांत उतरवू.”

“म्हणजे दोन किलो माणूस कमी झाला म्हणायचा,” काका हसले. दुसरे कुणी हसले नाही.

“मांस चढलं की आकडा मीच वाढवून घेईन,” सिस्टर म्हणाली. “रोज दोन अंडी खायची. मुलीला फोन लावू का?”

“नको, नको. ती दर रविवारी विचारते. मी सांगतो, वजन जागच्या जागी आहे.”

दुपारी सुटका झाल्यावर काका घराकडे न वळता कोपऱ्यावरच्या खाणावळीत शिरले.

“किती जण?” मालकाने विचारले.

“एकच.”

उकडलेली अंडी आली, सोबत पाण्याने काठोकाठ भरलेला पेला. काकांनी तो सांभाळून उचलला आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला. मग सावकाश अंडे सोलायला घेतले.