शेवटच्या तळ्याचा सरदार

गिरजाबाईंनी आयुष्यात कधी कुणावर आवाज चढवला नव्हता. मार्कंड्याच्या महादेवाला त्या रोज तेच सांगत, की देवा, बाकी काही जमलं नसेल, पण जीभ मात्र ताब्यात ठेवली. पहाटे अंघोळ, तुळस, दिवा, पोथी, माळ. एवढं उरकल्याशिवाय त्या पाणी पीत नसत. घरातलं कुणी चहाही घेत नसे. "घ्या नं तुमी," असं त्या म्हणत, अगदी हळू म्हणत. पण त्या सुरानंतर कपाला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

श्रावणात सून दामिनीनं चंद्रपूरला, तुकूममध्ये, खोली घ्यायचं काढलं. ती कॉम्प्युटरवरच्या खेळांच्या गोष्टी लिहायची आणि इथं चामोर्शीत नेट सारखं जायचं. मुलगा सुरेंद्र "आईले विचार" म्हणून मोकळा. "जा नं, म्या कुठी अडवलं?" गिरजाबाई म्हणाल्या आणि त्या दिवशी निर्जळ उपास धरला. खोलीचा विषय बंद. पंधरवड्यानं पुन्हा निघाला, तर नेमका प्रदोष होता. पंचांग गिरजाबाईंच्या बाजूनं होतं.

मग एका दुपारी दामिनी म्हणाली, "आई, माहा खेळ पाहून देता का? एका सरदाराचं जमून नाई राह्यलं."

गिरजाबाई हातपाय धुऊन, पदर सावरून लॅपटॉपपुढे बसल्या. बटणं दामिनीनं दाबायची, हुकूम त्यांनी सोडायचा. खेळातलं जग जळून गेलं होतं. नद्या आटल्या होत्या. जंगलात एक तळं तेवढं उरलं होतं आणि त्याच्याभोवती कुंपण घालून एक सरदार बसला होता. मिशा भल्या मोठ्या, पदरी शंभर भालेवाले. रोज सकाळी तो तळ्याकाठी प्रार्थना करी. ती संपेपर्यंत पाण्याला कुणी शिवायचं नाही, तहानलेल्यांनी रांगेत थांबायचं. खेळणाऱ्यानं आत शिरून त्याचा काटा काढायचा.

गिरजाबाई भाला घेऊन थेट त्याच्यापर्यंत पोचल्या. सरदार डोळे मिटून होता. मऊ आवाजात म्हणाला, "बसा. माझं झालं की पाणी देतो."

गिरजाबाई बसल्या.

"आई, मारा नं त्याले!"

"पूजेतल्या मानसाले? पाप लागते पोरी."

"रांगेतली म्हातारी पडली पाहा."

"दम धर म्हना तिले. आटोपतच आलं त्याचं."

पडद्यावर एकेक जण कोसळत गेला. शेवटी अक्षरं उमटली: प्रार्थना संपली. रांगही संपली.

"असा कसा हा मानूस!" गिरजाबाई उसळल्या. "लोकायले घोटभर पाजून जप केला असता, तं देव का पळून चालला होता?"

बोलल्या आणि स्वतःचेच शब्द कानावर आले. दामिनी मान खाली घालून बटणांवरची धूळ पुसत होती.

"हा बोलते बी हळूच, नाई?"

"हो."

"याले कुठून आनलं तुनं?"

"सुचला, आई."

सुचला म्हणे! बायका जात्यावर सासूला ओवीत घालायच्या, हिनं भालेवाल्यांसकट खेळात घातली. पण खोटं कशाला बोला, शंभर भालेवाले ऐकून गिरजाबाईंना क्षणभर बरंही वाटलं. मिशा तेवढ्या नको होत्या.

"वाईट हाये का तो?" त्यांनी विचारलं.

"तोच तं घोळ आहे. त्यानं कुंपण नसतं घातलं, तं पह्यल्याच वर्षी पानी संपलं असतं. सारे त्याच्याच भरोशावर जगले. म्हनून त्याले मारवत नाई. अन् त्याच्याजवळ राहवत बी नाई." दामिनी थांबली. "एक शेवट बाकी आहे. लोकं भांडन न करता फाटकातून निंगून जातात. तेव्हा तो काय म्हनंल, ते लिहून होत नाई. तुमीच सांगा."

ती पडद्याकडे पाहत नव्हती.

तो काय करील, हे गिरजाबाईंना पक्कं ठाऊक होतं. भरल्या तळ्यापुढे तो निर्जळ बसेल आणि लोक मुकाट परत येतील. शब्द जिभेच्या टोकावर होते. आणि उद्या एकादशी होती, तीही सोयीचीच.

"म्हनाव, जा," त्या म्हणाल्या. "पोचल्यावर फोन करा."

दामिनीला हसू आलं. "आई, जग बुडालं. फोन कुठचा?"

"तरी बी म्हनाव त्यानं."

दामिनीनं ते लिहिलं. मग अगदी हळू विचारलं, "अन् मागं तो उपाशी नाई बसनार?"

गिरजाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "लोकं दिसतात तोवर फाटकात उभा राहील. मंग जेवंल. भूक कोनाले चुकली?"

दामिनीचं बोट बटणावर तसंच राहिलं. डोळे भरून आले होते.

"कवा जाता?" गिरजाबाईंनी विचारलं.

"तुमी म्हनाल तवा."

"म्या काऊन म्हनू? तुमीच ठरवा. खोली मातर पूर्वेच्या दाराची..." त्या अडखळल्या. "नाई. तुमाले आवडंल तशी पाहा."

आणि त्यांनी ओठ घट्ट मिटले. स्वयंपाकघर कोणत्या कोपऱ्यात असावं, हेही सांगायचं होतं. ते गिळणं त्यांना निर्जळ एकादशीपेक्षा जड गेलं.