कस्तुरी कोण?

मित्रांनो, मी एक जुनं पितळी पुरणयंत्र. पुण्याच्या तांबट आळीत घडलं, पोटावर टिंबाटिंबांनी 'सौ. कस्तुरी हिस' असं कोरून घेतलं आणि अरुणाताईंच्या बॅगेतून थेट कॅनडात, स्कारबरोला आलं. होळीला माझा दांडा गरगर फिरायचा. ताईंचे यजमान रविकांतराव चाखता चाखता निम्मं पुरण संपवायचे. काय दिवस होते हो!

रविकांतराव गेले आणि मी कपाटात पडलं. मग ताईंच्या ओळखीतला निमिष आला. त्यानं नवं रेस्टॉरंट काढलं होतं. "काकू, ओपनिंगपुरतं द्या ना!" आपल्याच माणसाकडून पावती कोण मागतो? त्यानं मला दर्शनी काचेत मांडलं. लोक माझ्यासोबत फोटो काढू लागले, तसं त्याला मला सोडवेना. शेवटी तर म्हणाला, "ते आमचंच आहे."

एके दिवशी ताईंनी काउंटरवर कागद ठेवले. "क्लेम आहे. वकील नाही लावला. लायब्ररीत बसून मीच फॉर्म भरलाय."

माझ्यासाठी दावा! कोर्ट असतं तरी कसं? मला भारी उत्सुकता. निमिषनं मला तिथे नेलं तेव्हा जरा हिरमोडच झाला. पिंजरा नाही, हातोडा नाही. नुसती टेबलं आणि पाण्याचा जग. न्यायाधीशबाईंनी मात्र मला उलटंसुलटं करून पाहिलं.

निमिष म्हणाला, "यावर कस्तुरी लिहिलंय. काकूंचं नाव अरुणा."

"हू इज कस्तुरी?" बाईंनी विचारलं.

ताईंचा चेहरा पडला. फॉर्मवर त्यांनी पासपोर्टवरचंच नाव घातलं होतं. दुसरंही सांगावं लागेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

"मीच," त्या म्हणाल्या. "लग्नात ह्यांनी तांदळात अंगठीनं हे नाव लिहिलं. कागदोपत्री कधी चढलंच नाही. त्या नावानं हाक मारणारे हे एकटेच. आता ते फक्त या भांड्यावर उरलंय."

मग त्यांनी पर्समधून माझी बारीक जाळी काढली. घरीच राहिलेली! तिच्यावरही तेच नाव, तीच टिंबं. जाळी माझ्यात खटकन बसली.

निमिष मान खाली घालून पुटपुटला, "सॉरी, काकू."

न्यायाधीशबाईंनी मला पुढे सरकवलं. "टेक इट होम, कस्तुरी."

मित्रांनो, उसनं आणलेलं भांडं वेळेवर परत करा, आणि देताना त्यावरचं नाव मोठ्यानं वाचा. ती हाक ऐकून अरुणाताई माझ्यावर डोकं टेकून किती रडल्या, ते मला ठाऊक आहे.