सहाव्या मजल्यावरची सभा

लिफ्ट बंद पडली ती गेल्या वर्षीच्या होळीच्या आधी, आणि तेव्हापासून ठकुबाईचे पाय जमिनीला लागले नव्हते. गुडघे साथ देत नव्हते, हे खरंच. पण गुडघ्यांहून मोठं कारण होतं एक चादर. मध्ये एकदा तिला धाप लागली, तेव्हा तिच्या मुलानं, पंढरीनं, शेजारच्या गड्यांना हाका मारल्या आणि तिला चादरीच्या झोळीत घालून सहा मजले खाली नेलं. दवाखान्यातून परत आणली तीही तशीच. खाटेला पाठ टेकताच म्हातारी म्हणाली, "पुन्ना त्या चादरीत घालाल तं ते शेवटचाच. जित्ती हाय तवर न्हाय."

सुनेनं, कमळानं, ती चादर धुतली, घडी घातली आणि माळ्यावर ठेवली. टाकून द्यावी असं मनात फार होतं, पण हात होईना. पुन्हा लागली तर?

ठकुबाई म्हणजे धवळारीण. खाडीकाठच्या त्यांच्या जुन्या वस्तीत तिनं धवळे, म्हणजे देवांना लग्नाला बोलावणारी गाणी, गायल्याशिवाय लग्न लागत नसे. रस्ता रुंद झाला, वस्ती उठली आणि सगळ्यांना सरकारी योजनेतून या सात मजली इमारतीत घरं मिळाली. नव्याचे नऊ दिवस छान गेले. आता लग्नघरची माणसं फोन लावत, तो मांडवातल्या माईकसमोर धरत, आणि ठकुबाई सहाव्या मजल्यावर खाटेवर बसून धवळे म्हणे. अर्ध्यातच रेंज गेली की नवरदेव हळदीच्या पाटावर ताटकळत बसे. फोन ठेवला की म्हातारी करवादे, "देवांना कोन फोनवं बोलावतं का गो?"

आता कोणी विचारील, एवढी लिफ्ट दुरुस्त करायला काय धाड भरली होती? धाड नव्हती, नियम होता. राहणाऱ्यांनी आपली कमिटी निवडायची आणि इमारत कमिटीनं चालवायची. कमिटी नसेल तोवर सरकारनं नेमलेला प्रशासक. हे प्रशासक कुमारसाहेब महिन्यातून एकदा यायचे, तळमजल्यावरच्या ऑफिसात पंख्याखाली बसून सह्या करायचे आणि जायचे. वाईट माणूस नव्हता. फक्त त्याला कधी जिना चढावा लागला नव्हता. लिफ्टचं काढलं की म्हणायचे, "तो मोठा विषय आहे. त्याला निवडून आलेली कमिटीच मंजुरी देऊ शकते. मला अधिकार नाही."

आणि कमिटी निवडायला दोन तृतीयांश सभासद समक्ष हजर पाहिजेत. सभा दोनदा लागली. दोन्ही वेळा कुमारसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, 'कोरम नाही, सभा तहकूब' म्हणाले आणि उठले.

कमळाला हे कोडं उलगडत नव्हतं. दोन्ही वेळा अंगण माणसांनी फुललं होतं. सभा शुक्रवारी ठेवली होती, त्या दिवशी कापडाचे लूम बंद असतात म्हणून. पंढरी पूर्ण्याच्या गोदामातून अर्धी ड्युटी टाकून आला होता. खुर्च्या पुरल्या नव्हत्या. मग कोरम गेला कुठं, खाडीत?

तिसरी सभा लागली तेव्हा निबंधक कार्यालयातून एक नवी बाई आली, क्षितिजा मॅडम. वयानं लहान, पण बोलणं नीट. ही शेवटची संधी आहे, हे तिनं आल्याबरोबर सांगितलं. यावेळीही कमिटी झाली नाही तर प्रशासकांना आणखी एक वर्ष मुदतवाढ. म्हणजे आणखी एक वर्ष जिना. कमळा जिन्याशी पाण्याचा कॅन घेऊन ऐकत उभी होती; पिण्याचं पाणी रोज खालच्या नळावरूनच वर न्यावं लागे. ठकुबाईच्या वयाला वर्ष म्हणजे काय, हे तिला ठाऊक होतं.

मॅडम हजेरी घेऊ लागल्या.

"ठकुबाई अनंता तरे?"

"हाय!" पंढरी ऐटीत उभा राहिला.

मॅडमनी मान वर केली. "तुम्ही?"

"मी तिचा पोरगा."

"त्या कुठे आहेत?"

"ती वर हाय. घरात."

"बरं. नफीसा अन्सारी?"

दाढीवाला अन्सारी उठला. "जी. मैं उनका शौहर."

आणखी दोन नावं झाली, आणखी दोन गडी उठले. मॅडमनी पेन खाली ठेवलं. "अहो, तुम्ही सगळे कोण? सभासद कुठे आहेत?"

मग झाला उलगडा. या योजनेत घरं दिली होती बायकांच्या नावावर, म्हणजे कुणी गडी दारूच्या भरात घर फुंकून टाकणार नाही. हे काही गुपित नव्हतं. किल्ल्या घेताना बायकांचेच फोटो निघाले होते आणि ते घराघरांत भिंतीवर लागले होते. पण सभा म्हटली की गावकी, आणि गावकी म्हटली की घरटी एक गडी, हे रक्तातच मुरलेलं. पिढ्यान् पिढ्या असंच झालं, म्हणून याही वेळी बाया भाकऱ्या थापायला वर आणि गडी खुर्चीवर. बिहारहून आलेला लूमवाला असो की इथला आगरी, यात मात्र सगळ्यांचं एकमत. कुमारसाहेबांना हे ठाऊक होतं का? असणारच. त्यांना कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

कमळाला हसू फुटलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! तिनं कॅन तिथंच ठेवला.

"मॅडम, सभासद हायत. सगल्या घरातच हायत. थांबशाल का थोडा?"

"अर्धा तास थांबते," मॅडम म्हणाल्या.

कमळा स्वतः सभासद नव्हती. घर सासूच्या नावावर, तिच्या हाताला मतच नव्हतं. पण पाय होते, आणि वर्षभर पाणी वाहून ते चांगले तयार झाले होते. ती मजल्यामागून मजला दारं वाजवत गेली. "चला गो, खाली चला! सही तुमची लागते!" बाया पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. "और रोटी?" नफीसानं विचारलं. "रोटी देखेगा तेरा मर्द!" कमळा म्हणाली. खरोखरच गडी वर आणि बाया खाली, अशी जिन्यात उलटी वरात निघाली. पंढरीला तिनं वाटेत गाठून सांगितलं, "तव्यावं भाकर हाय. उलथा ती."

खाली मोजणी झाली. काही जणी कामाच्या पाळीवर गेलेल्या, एक माहेरी अकलोलीला गेलेली. मॅडमनी पुन्हा मोजलं.

"एक कमी," कुमारसाहेब म्हणाले. त्यांचा चेहरा कित्येक दिवसांत इतका टवटवीत दिसला नव्हता. "तहकूब."

एकच कमी, आणि ती एक सहाव्या मजल्यावर. पंढरीला कळायला वेळ लागला नाही. भाकर तशीच टाकून तो जिन्याच्या कठड्यावरून ओरडला, "कमले, चादर काढतो मी!"

"न्हाय!" कमळा अशी ओरडली की अंगणातली कबुतरं उडाली. "हात न्हाय लावायचा त्या चादरीला!"

तिला रडू येत होतं, आणि त्याहून जास्त राग. लिफ्ट चालू करायला जिचं मत पाहिजे, ती लिफ्ट बंद म्हणून मताला येऊ शकत नाही. हा कसला कायदा? पण रागावून कायदा हलत नाही, हेही ती या वर्षात शिकली होती. कायद्याला कायद्यानंच विचारावं लागतं.

"मॅडम, सभा कुठं भरवायची, ह्ये नोटिशीत काय लिवलंय?"

"इमारतीत, असं आहे."

"मंग सहावा मजला काय लांब वडपे गावाला हाय?"

कुमारसाहेब घाईघाईनं म्हणाले, "असं कधी होत नाही."

"होत न्हाय, का चालत न्हाय?"

सगळ्या बाया मॅडमकडे पाहू लागल्या. मॅडमनी कागद गोळा केले आणि पर्स खांद्याला अडकवली. "चालतं. चला."

कमळा पुढे, मागे मॅडम, त्यामागे बायांची रांग आणि सगळ्यांत शेवटी कुमारसाहेब. तिसऱ्या मजल्यावर त्यांनी टाय सैल केला. चौथ्यावर कठडा धरला. पाचव्यावर पायरीवर बसलेच. नफीसा मायेनं म्हणाली, "पानी दूँ, साब? लेकिन वो भी नीचेसे लाना पडता है."

सहाव्या मजल्याच्या व्हरांड्यात सभा भरली. पंढरी आणि अन्सारीनं खाट उचलून दारात आणली. एवढ्या बाया एकदम पाहून ठकुबाई गोंधळली. "लगीन हाय का कुनाचा?"

"लगीन न्हाय, आत्या. मत द्यायचा हाय."

मॅडमनी पुन्हा नाव घेतलं, पूर्ण नाव. ठकुबाई अनंता तरे. म्हातारीनं नातवाच्या बारशाला उठावं तशी पाठ सरळ केली, पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "हाय. मी हाय."

कोरम झाला. कमिटी झाली. अध्यक्ष कोण, यावर घोळ होणार असं पंढरीला वाटत होतं, पण घोळ झालाच नाही. नफीसा म्हणाली, "अम्मा." बाकीच्यांनी हात वर केले.

"मना लिवता येत न्हाय," ठकुबाई म्हणाली.

"लिहायला सचिव असतो," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही सांगायचं."

मग काय, ठकुबाईनं सांगायला सुरुवात केली. पहिला ठराव लिफ्टचा. दुसरा, कमिटीच्या बैठका अध्यक्षाच्या घरी. ज्याला काम असेल त्यानं वर यावं. चहा मिळेल.

कामं तर सगळ्यांनाच होती. लिफ्ट कंपनीचा साहेब एकदा वर चढला, 'बघतो' म्हणाला. म्हातारीनं चहा पाजला आणि दोन दिवसांनी पुन्हा बोलावला. दुसऱ्यांदा तो आला तो घामानं निथळत, आणि तिसऱ्यांदा त्यानं स्वतः यायचं टाळून मेकॅनिक धाडला, सामानासकट. सरकारी काम आणि सहा महिने थांब, म्हणतात. इथं महिनाही लागला नाही.

लिफ्ट चालू झाली त्या आठवड्यात तळमजल्यावरच्या निशाची हळद होती. ठकुबाईनं नवं लुगडं नेसलं. लिफ्टमध्ये कमळाचा हात तिनं घट्ट धरला होता. खाली दार उघडताच सोडला. अंगणात मांडव, मांडवात खुर्च्या, खुर्च्यांवर सवयीनं गडी बसलेले. म्हातारीनं एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि जमिनीवर उभी राहिली.

"उठा रे," ती म्हणाली. "धवलारीन आली."

गडी उठले. माईक पुढे आला, तिनं तो बाजूला सारला आणि स्वतःच्या गळ्यानं देवांना बोलावणं सुरू केलं. आवाज चिरका झाला होता, पण सातव्या मजल्यावरच्या खिडकीतली पोरंसुद्धा गप्प झाली.

कमळानं एकच धवळा ऐकला. दुसरा सुरू झाला तेव्हा ती लिफ्टनं वर गेली, स्टूल घेऊन माळ्यावरची चादर काढली आणि दारात बसून तिची टराटरा फडकी फाडली.