कर्मचारी क्रमांक दोन

मी दात करते. डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवायचं काम आहे माझं. दवाखान्यातून जबड्याचा साचा येतो, त्यात प्लास्टर ओतायचं, वर मेण चढवायचं आणि त्या मेणात एकेक दात उभा करायचा. एक जरी दात तिरका बसला तरी म्हातारं माणूस घास तोंडात घेऊन बसून राहतं, मग दवाखाना लॅबच्या मालकांवर ओरडतो आणि मालक आमच्यावर. माझी कवळी आजवर परत आलेली नाही. फुशारकी वाटत असेल तर वाटू दे, पण ही गोष्ट आधीच कळलेली बरी.

आमच्या विभागाच्या मोठ्या बाई निवृत्त होणार होत्या. त्यांच्या जागी कोण, यावर लॅबमध्ये फारशी चर्चासुद्धा नव्हती. बाईंनी स्वतः मला किल्ल्या कुठे ठेवतात, कुठला डॉक्टर कशावर तडकतो, हे सगळं समजावून द्यायला सुरुवात केली होती. ती जागा मला हवी होती. उगाच आढेवेढे घेऊन काय उपयोग, जीव टाकून हवी होती. इतकी वर्षं मान मोडून बसल्यावर एकदा तरी खुर्ची फिरवून दुसऱ्याला सांगावं, ‘हे पुन्हा कर,’ असं कुणाला वाटत नाही?

आता नवऱ्याबद्दल. माझा नवरा एका विमा कंपनीच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायचा. सांभाळायचा म्हणजे दिवसभर लोकांना ‘बंद करून चालू करा’ म्हणायचा. त्याचा साहेब त्याला चारचौघांत हिडीसफिडीस करायचा आणि हा घरी येऊन बूट काढताना पाच मिनिटं नुसता बसून राहायचा. मला बघवायचं नाही. म्हणून त्याने जेव्हा सांगितलं की मी स्वतःचं ॲप बनवणार, एकट्याने, तेव्हा पहिली मीच म्हणाले, ‘कर. घरचं मी बघते.’

घरचं मी बघते. हे बोलणं किती महागात पडतं ते बोलताना कुणी सांगत नाही.

ॲपचं नाव त्याने ठेवलं ‘एकाग्र’. माणसाचा कामाचा वेळ कुठे जातो ते दाखवणारं. फोन शेजारी स्टँडवर उभा करायचा. तो जागेवर असला की दिवसाची पट्टी हिरवी. उचलला की लाल. मग ॲप विचारणार, कशासाठी उचललास? त्यावर कारण टाकायचं. एवढंच. पण ‘एवढंच’ म्हटलं की तो चिडायचा. पहाटे उठून स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसायचा, ऑफिसला जाईपर्यंत. मी डबे भरायचे ते त्याच्या लॅपटॉपच्या कडेने, वायर ओलांडून. आमच्या मुलीला आम्ही भिंगरी म्हणतो, एका जागी ठरत नाही म्हणून. तिलाही त्या वेळी कुजबुजत बोलायची सवय लागली. सासूबाईंना कमी ऐकू येतं, त्या तेवढ्या मोठ्याने विचारायच्या, ‘झालं का रे तुझं यंत्र?’

ॲपला खरा माणूस हवा होता, खरं काम करणारा. त्याच्या ऑफिसात सांगायची सोय नव्हती. मग घरात उरलं कोण? मीच. लॅबमध्ये टेबलावर मेणाच्या शेजारी मी फोन उभा करून ठेवू लागले. शाळेचा फोन आला, लाल. कारण: शाळा. सासूबाईंना गोळ्या सापडेनात, लाल. कारण: सासू. नळ दुरुस्त करणारा दाराशी उभा आणि दार उघडायला कुणी नाही, लाल. आणि सगळ्यांत जास्त लाल कुणामुळे माहितीय? ‘अगं, चार्जर कुठे ठेवलास?’ कारण: नवरा. दर वेळी तोवर मेण गार व्हायचं. पुन्हा चाकू गरम करा, पुन्हा दात उचला, पुन्हा बसवा. जेवणाच्या सुट्टीत बसून मी ती भरपाई करायचे, पण सुट्टीची पट्टी काही त्याचं ॲप काढत नव्हतं.

‘तुझ्याइतका चांगला डेटा कुणाकडेच नसेल,’ तो म्हणायचा. मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू.

ॲप तयार झालं आणि घोडं अडलं ते गिऱ्हाइकापाशी. महिने गेले, कुणी हिंग लावून विचारेना. पुन्हा तो बूट काढून नुसता बसून राहायला लागला. शेवटी मीच मालकांच्या मागे लागले. ‘साहेब, एकदा बघा तरी. घरचा माणूस आहे.’ मालक बघतो म्हणाले, टाळतील असं वाटलं, पण त्यांनी चक्क वेळ दिली. मी घरी येऊन सांगितलं तर त्याने मला उचलून गरागरा फिरवलं. भिंगरी टाळ्या पिटत होती. आपल्याच पायावर धोंडा मारून घेताना माणूस इतका खूष असतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

लॅबच्या मधल्या खोलीत सगळे जमले. मालक, मोठ्या बाई, आम्ही चार कवळीवाले, आणि पॉलिश करणारा पोरगेला माणूस, ज्याला आम्ही चकचक म्हणतो. नवऱ्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. छान बोलत होता तो. मला खरंच अभिमान वाटत होता. मग त्याने पडद्यावर एक चित्र लावलं. वर लिहिलं होतं, कर्मचारी क्रमांक दोन.

‘हा नमुना बघा,’ तो म्हणाला. ‘माणूस कामाचा असणार, काम पूर्णही होतंय. पण दिवस बघा किती ठिकाणी फाटलाय. अशा माणसाला कामावर ठेवायला हरकत नाही, पण जबाबदारीची जागा देताना विचार करायला हवा. त्याचं अर्धं डोकं दुसरीकडे आहे.’

पट्टी लालभडक होती. आणि त्या लालवर, बारीक अक्षरांत, कारणं तशीच होती. शाळा. सासू. नळवाला. नवरा. नवरा. सासू. नवरा.

लॅबमध्ये सासू असलेली मी एकटीच. चकचकला लग्न करायला वेळ आहे, बाकीच्यांचे संसार वेगळे. चकचक फिस्सकन हसला आणि म्हणाला, ‘हा नळवाला मला आठवतोय, त्या दिवशी या बाई धावत घरी गेल्या होत्या.’ मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच खाली पाहिलं. मालक पाहत होते पडद्याकडे, पण त्यांची मान हळूच हलली. मी नवऱ्याकडे बघत होते. म्हटलं, आता याच्या लक्षात येईल, आता थांबेल. तो पुढच्या चित्रावर गेला. त्याला ती पट्टी एवढी पाठ झाली होती की तिच्यात मी आहे हे तो विसरूनच गेला होता.

मालकांनी ॲप घेतलं. आठवड्याने मला आत बोलावलं. ‘बाई, तुमच्या हाताला तोड नाही. पण घर आहे, मूल आहे, म्हाताऱ्या सासूबाई आहेत. तुमच्यावर आणखी ओझं कशाला टाकू?’ असं गोड बोलून माझ्या तोंडाला पानं पुसली. जागा चकचकला मिळाली. त्याने आयुष्यात एक कवळी बसवलेली नाही, पण त्याला कुणाचा फोन येत नाही.

घरी आल्यावर मी बोलले. शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतपत बोलले.

‘अगं, पण मी नाव कुठे घेतलं?’ तो म्हणाला.

‘कारणं तरी पुसायची होतीस.’

‘ती ठेवल्याशिवाय ॲप काय करतं ते कळत नाही.’ मग त्याने माझा चेहरा पाहिला. म्हणाला, ‘चुकलं माझं. माझ्या डोक्यातच आलं नाही.’

तेच तर. डोक्यात आलं असतं आणि तरी केलं असतं, तर मला कडाकडा भांडता तरी आलं असतं.

त्याला वाईट वाटलं होतं, ते मी नाकारत नाही. आमच्या लॅबच्या जोरावर त्याला आणखी दोन-तीन ठिकाणी काम मिळालं आणि त्याने विमा कंपनीची नोकरी सोडली. म्हणाला, ‘आता मी घरीच आहे. शाळा माझ्याकडे, आईच्या गोळ्या माझ्याकडे, नळवाला माझ्याकडे. तू फोनला हात लावायचा नाहीस. बघ तुझी पट्टी कशी हिरवीगार होते.’ शाळेत जाऊन त्याने स्वतःचा नंबर पहिला लावून घेतला. मी विश्वास ठेवला. ठेवावाच लागतो, एका छपराखाली राहायचं तर.

लॅबमध्ये आता भिंतीवर पडदा आहे. सगळ्यांच्या पट्ट्या त्यावर दिवसभर सरकतात. चकचक खुर्ची फिरवून बघत बसतो. घरी नवऱ्याच्या टेबलावरही त्याच पट्ट्या दिसतात, कारण कुठे काही बिघडलं तर त्याला दुरुस्त करावं लागतं. भिंगरी शाळेतून आली की त्याच्या मांडीवर बसून माझी पट्टी शोधते. तोच तिला शिकवतो, ‘ही आई. बघ, हिरवी आहे. आता तिला फोन करायचा नाही हं, नाहीतर लाल होईल आणि तिला बोलणी बसतील.’ दोघांचा तो खेळच झाला होता. संध्याकाळी मी घरात पाऊल टाकलं की ती ओरडायची, ‘आई, आज तू अख्खी हिरवी होतीस.’ मीही हसायचे. माझी पट्टी लॅबमध्ये सगळ्यांत चांगली दिसायला लागली होती. जागा तर गेलीच होती, पण निदान आता कुणी बोट दाखवू नये एवढंच मनात होतं.

मागच्या आठवड्यात घरी आले तर भिंगरी दारात नव्हती. आत अंथरुणावर पडली होती, डोळे लाल, अंग चुलीसारखं तापलेलं. नवरा कपाळावर ओली पट्टी धरून बसला होता.

‘शाळा सुटल्यावर आणायला गेलो तेव्हा कळलं,’ तो म्हणाला. ‘सकाळपासून अंगात ताप होता म्हणे. ऑफिसच्या बाकावर झोपवून ठेवली होती.’

‘सकाळपासून? मग शाळेने फोन का नाही केला?’

‘मला तरी नाही आला.’ तो उठून फडकं भिजवायला गेला.

मी तिच्याशेजारी बसले. केस घामाने चिकटले होते. विचारलं, ‘राणी, बाईंना सांगायचं नाही का, आईला बोलवा म्हणून?’

ती डोळे न उघडता म्हणाली, ‘बाई म्हणाल्या, आईला लावू का. मी नको म्हणाले. तू हिरवी होतीस ना.’

तिला कुशीत घेऊन मी रडले, आणि रडता रडता मनात शाळेला नाही नाही ते बोलत होते. सहा वर्षांच्या लेकराला विचारून फोन करायचा असतो का? वडिलांना एक फोन लावता येऊ नये?

दुसऱ्या दिवशी मालकांना न सांगता सुट्टी घेतली आणि तरातरा शाळेत गेले. ऑफिसात एक वयस्कर कारकून बाई बसतात. मी त्यांना बोलू दिलंच नाही. तळपायाची आग मस्तकात गेली होती, जे तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून म्हणाल्या, ‘झालं बोलून? बसा.’

मी बसले नाही.

‘मी वडिलांना लावला होता,’ त्या म्हणाल्या. ‘पुन्हा पुन्हा लावला. एकदा उचलला त्यांनी. म्हणाले, एका गिऱ्हाइकाचं काम अडलंय, आत्ता निघता येणार नाही. तिच्या आईला लावा.’

मी बसले.

‘तुम्हाला लावायला गेले तर पोरगी रडायलाच लागली. हात धरला माझा. म्हणाली, आईला बोलणी बसतील. मला वाटलं घरी काही मारहाण वगैरे असेल, म्हणून नाही लावला. चुकलं असेल तर सांगा.’

‘कुठलं गिऱ्हाईक, बोलले का?’ मी विचारलं. विचारायची गरज नव्हती. आदल्या दिवशी सकाळी आमच्या लॅबमधला भिंतीवरचा पडदा बंद पडला होता, आणि चकचक फोनवर कुणावर तरी ओरडत होता. मी मान खाली घालून मेण लावत होते. फोन जागेवर होता.

‘तेवढं नाही विचारलं,’ बाई म्हणाल्या. त्यांनी कॉम्प्युटरवर भिंगरीचं पान उघडलं. ‘नंबर बदलायचेत का?’

‘पहिला माझा लावा,’ मी म्हणाले. ‘कितीही वाजता. ती नको म्हणाली तरी.’

‘आणि तुम्ही नाही उचलला तर?’

मी विचार केला. सासूबाईंना ऐकू येत नाही. आमच्या खालच्या मजल्यावर एक काकू शिवणकाम करतात, दिवसभर घरीच असतात, भिंगरीला चिंध्या देतात बाहुलीसाठी. त्यांचा नंबर मी सांगितला.

‘नातं काय लिहू?’

‘शेजारी.’

बाईंनी ते लिहिलं आणि थांबल्या. ‘मग वडिलांचा तिसरा ठेवू ना?’

‘नको,’ मी म्हणाले. ‘काढून टाका.’