बारा नंबरमधली दोन रिकामी घरं

मंगळवारी सकाळी साडेसात वाजता अकरा माणसं आपापल्या चटईवर हात वर करून उभी राहिली आणि पेटी वाजलीच नाही.

मिस्त्रीनं पुन्हा बटण दाबलं. दिवा लागला, पडद्यावर अक्षरं आली. नंबर एक, रिकामा. नंबर दोन, रिकामा. तो एकेक करत चौसष्टपर्यंत गेला. सगळे रिकामे.

"मिस्त्री, हात खाली घेऊ का आता?" निवृत्त पोस्टमननं विचारलं.

मिस्त्रीचा धंदा फरशा बसवण्याचा. संगीतातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पेटी त्याच्या बायकोची. गुडघ्यांनी दगा दिलेल्या माणसांना ती या हॉलमध्ये व्यायाम शिकवायची. ही मंडळी स्वतःला गुडघेपलटण म्हणवून घ्यायची. पेटी म्हणजे सिक्वेन्सर, ठेके साठवून वाजवणारं यंत्र; प्रत्येक व्यायामाचा ठेका ती त्यावर स्वतः बसवायची. ओळीनं सोळा बटणं, म्हणजे सोळा घरं. बटण दाबाल त्या घरात ठोका पडतो, न दाबाल ते घर रिकामं जातं. ठेका जमला की त्याला नंबर देऊन पेटीतच साठवायचा. असं तिचं नऊ वर्षांचं काम त्या पेटीत होतं. ती जाऊन दोन महिने झाले होते. तेव्हापासून मिस्त्री रोज सकाळी यायचा, नंबर लावायचा आणि भिंतीला टेकून उभा राहायचा. दिवसातला तेवढा एक तास त्याला बरा जायचा.

तो पेटी घेऊन तडक रिपेअरवाल्याकडे गेला. पूर्वी एकदा पेटीचा खटका अडकला होता, तो यानंच दुरुस्त केला होता.

रिपेअरवाल्यानं पेटी उलटी केली, सुलटी केली. "गेलं सगळं. माणसाच्या हातात आता काही नाही," तो म्हणाला. मग आवाज खाली आणला. "पण एक जागा आहे. लहरीबाबा."

लहरीबाबाची जागा म्हणजे बंद पडलेलं फर्निचरचं दुकान. शुक्रवारी दुपारी मिस्त्री तिथे पोचला तेव्हा आत पाय ठेवायला जागा नव्हती. कुणाच्या हातात सासऱ्यांचा मोबाइल, कुणाच्या मांडीवर बहिणीचा कॅमेरा. मेलेल्या माणसांची यंत्रं घेऊन जिवंत माणसं बसली होती. एका बाईच्या मोबाइलमध्ये गेलेल्या मुलाचे पुसलेले फोटो आदल्या आठवड्यात परत आले होते. ती ते प्रत्येकाला दाखवत होती.

मिस्त्रीनं ते पाहिलं आणि त्याच्या मनात पाल चुकचुकली. फोटो खरे होते. मग पाल का चुकचुकावी, हे त्याला सांगता आलं नसतं.

पेटी आधी आतल्या खोलीत शुद्धीसाठी गेली. अर्ध्या तासानं बाहेर आली ती पांढऱ्या कापडाच्या टेबलावर. तिच्यातून दोन वायरी निघून पडद्यामागे गेल्या होत्या.

"दोन कशाला?" मिस्त्रीनं विचारलं.

"एक विजेची, एक श्रद्धेची!" बाबा म्हणाला. लोक खूश झाले. "आत्मा म्हणजे लहर, बाळांनो. लहर मरते का? नाही! लहर फक्त चॅनल बदलते. आपण इथे काय करतो? चॅनल जुळवतो!"

बाळांनो म्हणवून घेणाऱ्यांत पोस्टमनसारखे पंचाहत्तरीचे लोकही होते.

बाबानं डोळे मिटले, तळहात पेटीवर धरला. पडद्यावरचे आकडे सरसर पळू लागले. मिनिटभरात ते थांबले आणि पेटीतून पहिला नंबर वाजला. धिम्या चालीचा, टाच टेकवायचा. मिस्त्रीला हुंदका आवरला नाही. भर दुकानात तो लहान मुलासारखा रडला.

"ती आली," बाबा म्हणाला. "पण तिला घरी नेलंस तर पुन्हा जाईल. ही पेटी आता इथे राहील."

"गुरुवारपर्यंत द्या," मिस्त्री म्हणाला. "पलटणीला एकदा ऐकवतो."

एवढ्या गर्दीसमोर नाही कसं म्हणणार? "ने. मन भरून ऐक," बाबा म्हणाला. "गुरुवारी मात्र कायमची आणून ठेव."

शनिवारी हॉल भरला. मिस्त्रीची मेहुणीही आली होती. ती शाळेत विज्ञान शिकवायची आणि घरातही शिकवायची, असं मिस्त्री म्हणायचा. नंबर बारा लागला. सगळे डावीकडे वळले आणि शिंपीणमावशी तोल जाऊन पोस्टमनच्या अंगावर गेल्या.

"अहो, सांभाळा! आता या वयात लोक काय म्हणतील?" पोस्टमन म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा!" मावशी गुडघा धरून चिडल्या. "मिस्त्री, इथे थांबा होता ना? माझ्या ऑपरेशननंतर बाईंनी मुद्दाम ठेवलेला. वळायला दोन ठोक्यांची उसंत."

मिस्त्री वाकला. नऊ आणि दहा ही घरं रिकामी असायला हवी होती. दोन्हींचे दिवे पेटलेले होते. फरशीत कुठे फट ठेवायची हे ज्याला कळतं, त्याला ते एका नजरेत दिसलं.

मेहुणीनं शांतपणे विचारलं, "भाऊजी, खटका अडकला तेव्हा पेटी रिपेअरला कधी दिली होती?"

"पाच महिने झाले."

"आणि मावशींचं ऑपरेशन?"

"त्यानंतर महिन्याभरानं."

"म्हणजे शुक्रवारी जी ताई आली, ती पाच महिन्यांपूर्वीची आली होय?"

मिस्त्रीचा चेहरा उतरला. "तू नको ते उकरू नकोस," तो म्हणाला. "मी ऐकलंय तिला."

"तुम्ही तिचं काम ऐकलंत, आणि ते खरंच तिचं आहे. पण कुणी आणलं आणि कुठून आणलं, हे विचारायला नको?"

तो पेटी उचलून घरी निघाला. पण दुपारी ती लॅपटॉप आणि वायर घेऊन आली तेव्हा त्यानं दार उघडलं.

गुरुवारी दुकान पुन्हा गच्च भरलं. बाबानं हात पुढे केले. मिस्त्रीनं पेटी दिली नाही, टेबलावर ठेवली. मेहुणी आणि पोस्टमन त्याच्या शेजारी उभे राहिले.

"बाबा, आधी एक विचारतो. बारा नंबरातली दोन घरं का बुजली?"

"आत्म्याला विस्मरण होतं, बाळा."

"तिला?" मिस्त्री म्हणाला. "लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी काय बोललो, ते ती बत्तीस वर्षं ऐकवत होती."

लोक हसले. बाबा हसला नाही.

मेहुणी म्हणाली, "भाऊजी, दाबा."

ते बटण सगळं पुसण्याचं होतं. वायरीतून कॉपी कशी घेतात, हे तिनं त्याला शनिवारीच दाखवलं होतं. एक कॉपी तिच्या लॅपटॉपवर होती, दुसरी त्याच्या शर्टाच्या खिशात. तरी त्याचं बोट खाली जाईना. कॉपी डोळ्यांना दिसत नव्हती, पेटी दिसत होती. फसलो तर बायको दुसऱ्यांदा जाणार, आणि ती आपल्या हातानं. त्यानं खिसा चाचपला आणि बटण दाबलं.

नंबर एक, रिकामा. पुढच्या रांगेतली बाई किंचाळली. "पाप केलंस!"

मेहुणीनं वायर जोडली, लॅपटॉपवर एक बटण दाबलं. आकडे सरसर पळाले. मिनिटभरात पहिला नंबर वाजला, टाच टेकवायचा, धिमा.

"बाई आल्या?" कुणीतरी घाबरत विचारलं.

"नाही. फाईल आली," मेहुणी म्हणाली. "मंत्र नाही, लहर नाही. अशीच होती बाबांची श्रद्धेची वायर. तिचं दुसरं टोक पडद्यामागे कुणाकडे होतं, बघा."

पोस्टमननं पडदा ओढला. रिपेअरवाला कॉम्प्युटर घेऊन बसला होता. "मी चोरी नाही केली," तो पुटपुटला. "दुरुस्तीला काही आलं की आधी कॉपी घेऊन ठेवतो. सगळेच ठेवतात."

"ठेवायलाच हवी," मेहुणी म्हणाली. "आणि गिऱ्हाइकाला द्यायलाही हवी. पेटीत साठवलेलं टिकवणारी बॅटरी संपत आली होती, हेही तेव्हा दिसलं असेल?"

"दिसलं होतं."

"मग बदलली कधी?"

"गेल्या शुक्रवारी. शुद्धीच्या वेळी."

मोबाइल, कॅमेरे घेऊन बसलेल्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रत्येकाचं यंत्र कधी ना कधी याच माणसाच्या टेबलावर जाऊन आलं होतं. बाबा मागच्या दारानं कधी निघून गेला, ते कुणाला कळलं नाही. चॅनल बदललं असावं.

माणूस गेल्यावर त्याचं काहीतरी परत यावं असं कुणाला वाटत नाही? ते वाटण्यात लाज नाही. पण परत आणून देणाऱ्याला तीन गोष्टी विचाराव्यात. कुठून आणलंस, कधीचं आहे, आणि मधल्या काळात ते कुणाच्या हातात होतं? खरा माणूस उत्तर देईल. खोटा तुम्हाला बाळ म्हणेल. आणि जे जपायचं आहे त्याच्या दोन कॉप्या दोन घरांत ठेवाव्यात, माणूस जिवंत असतानाच.

बारा नंबरातली दोन घरं मिस्त्रीनं स्वतःच्या बोटानं रिकामी केली. मावशी आता नीट वळतात. पण दुरुस्तीनंतरच्या महिन्यांत बायकोनं बसवलेले सहा ठेके कुठल्याच कॉपीत नाहीत, आणि कुणाला ते पुरते आठवतही नाहीत. ज्या बाईला मुलाचे फोटो परत मिळाले होते, ती गुरुवारी आली नव्हती. मिस्त्री दोनदा तिच्या दारापर्यंत जाऊन परत आला. तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.